एकाच जिनात छत्तीस वर्षं?

कापसाच्या एकाच जिनात छत्तीस वर्षं कंटाळा कसा नाही आला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. मागच्या उन्हाळ्यात साळ्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीला शेजारी एक पोट्टा बसला होता. पुण्याला असतो, पाच वर्षांत चौथी कंपनी. त्यानेही हेच विचारलं. "काकाजी, एकाच जिनात छत्तीस वर्षं? कंटाळा नाही आला जी?" मी "नाही बा" म्हटलं आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. पंगतीत एवढंच उत्तर मावतं.

आमचं गाव राळेगावकडून हिंगणघाटला जाताना लागतं. जिन म्हणजे जिनिंग-प्रेसिंग. शेतकऱ्याचा कापूस येतो, रेचा नावाच्या यंत्रावर रुई आणि सरकी वेगळी होते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. पाचेक क्विंटल कापसाची एक गाठ. मी तिथे फिटर होतो. यवतमाळच्या आयटीआयमधून निघालो आणि १९८४ च्या दसऱ्याला लागलो, बारा रुपये रोजावर.

पण छत्तीस वर्षं हा आकडाच भांडणाचा आहे. जिन वर्षभर चालत नाही. दसऱ्याच्या महिनाभर आधी मुनीमजी सायकलवर पोरगं पाठवायचे, "बलावलं हाये." मी जायचो, रेचे खोलायचो, रोलर चढवायचो. कापूस सुरू झाला की दिवसरात्र दोन पाळ्या. वैशाख तापला, कापसाच्या गंज्या संपल्या, की पट्टे उतरवायचे, हिशोब घ्यायचा आणि घरी. पुढच्या वर्षी ये असं कोणी म्हणत नसे. कागद तर नाहीच. मग मिरगाचं पाणी पडलं की आपली चार एकर कोरडवाहू. भादव्यात बांधावर बसलो की अर्धं लक्ष रस्त्याकडे, सायकल येते का. एखाद्या वर्षी पोरगं उशिरा आलं तर बायको म्हणायची, "औंदा नाही बलावत वाटते." म्हणजे नोकरी मला छत्तीस वेळा लागली आणि छत्तीस वेळा सुटली. पुण्याच्या पोट्ट्याच्या चार झाल्या. तशी माझी बेरीज त्याच्यापेक्षा जास्तच भरते.

आणि एकच कंपनी म्हणाल तर फाटकावरची पाटी दोनदा बदलली. आधी मोठ्या शेठजींच्या नावाची फर्म, मग भावाभावांची भागीदारी, मग पोरांची प्रायव्हेट लिमिटेड. रेचे तेच, मुनीम तोच, चहावालाही तोच. पाटीखालून आत जाणाऱ्या आम्हाला फरक कळला नाही. तो कळला हिशोबाच्या दिवशी, त्यावर येतो.

आधी रेच्याचं सांगू द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आमच्याकडे दोन ओळींत चोवीस डबल रोलर रेचे होते. रोलरवर चामडं असतं. त्याच्या खरबरीत अंगाला कापसाचे तंतू चिकटतात आणि एका पक्क्या सुरीखालून ओढले जातात. सरकी जाड, ती सुरीपाशी अडते. दुसरी सुरी खालीवर हलत तिला टोले देते, सरकी खाली पडते, रुई रोलरवरून पुढे येते. एवढंच यंत्र आहे. पण सुरी केसभर जास्त दाबली तर चामडं जळतं, कमी दाबली तर रुई ओढली जात नाही, आणि दोन सुऱ्यांचा मेळ चुकला की सरकी फुटते. फुटलेल्या सरकीचे कण रुईत गेले की ग्रेडर नाक मुरडतो. चामडं झिजून गुळगुळीत झालं की रोलर उतरवून पुन्हा खाचा पाडायच्या.

माझे वस्ताद म्हातारे होते. नाव नाही सांगत, त्यांची पोरं गावातच आहेत. पहिल्या सीझनला त्यांनी मला पंधरा दिवस पान्याला हात लावू दिला नाही. दोन ओळींच्या मधल्या वाटेने नुसतं चालवलं. चोवीस रेचे एकदम चालू असताना तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं हाताने. ते मधेच थांबायचे, एका रेच्याकडे बोट करायचे. बाहेर आल्यावर विचारायचे, "काय म्हणत होता?" मला काहीच ऐकू आलेलं नसायचं. "चुरचुरून राहिला तो. सरकी फुटून राहिली." थंडीतल्या एका रात्री, कितवा दिवस ते आता आठवत नाही, मी एकटा चालत होतो आणि सतरा नंबरपाशी पाय आपोआप थांबले. काय ऐकलं ते मला सांगता आलं नसतं. एवढ्या गोंगाटात एक जागा खडबडीत लागली. वस्तादांना हाताने बोलावलं. त्यांनी कमरेचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेरिंगवर टेकवलं आणि मूठ चक्क दातात धरली. डोळे मिटले. मग मान हलवली. मला हसू आलं होतं. आम्ही पोरं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायचो, हा म्हातारा चावत होता. वेडा आहे म्हणायचो आम्ही.

कंटाळ्याचं म्हणाल तर त्या रात्रीनंतर मला त्या हॉलमध्ये कंटाळा आला नाही. बाहेर आला. पगाराच्या दिवशी आला, मुनीमजींच्या टेबलासमोर उभं राहताना तर फारच आला.

बाकी बदल पुष्कळ पाहिले. मी लागलो तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. कापूस सरकारलाच द्यायचा. फाटकाबाहेर बंड्यांची रांग, दोन-दोन दिवस लोक बंडीखाली झोपलेले, बैल तिथेच बांधलेले. चुकारे उशिरा. ज्याला थांबता येत नव्हतं तो रात्रीचा कापूस राज्याच्या सीमेपलीकडे आदिलाबादला काढायचा. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना मोकळं झालं. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि चार-पाच वर्षांत आमच्या भागात दुसरा कापूस पाहायला मिळेना.

२००० साली केंद्राचं कापूस टेक्नॉलॉजी मिशन आलं, जुन्या जिनिंगना सुधारायला अनुदान. आमच्याकडे ते जरा उशिरा पोचलं. अंगणात सिमेंटचे ओटे झाले, कापूस ओढायला सक्शनचे पाईप लागले. पेपरात छापून आलं. तोवर रेच्यावर कापूस टाकायला एका पाळीला चाळीसेक बाया असायच्या, तोंडाला पदर, भुवयांवर रुईचा पांढरा थर. पाईप आल्यावर सहा उरल्या. मी फिटर, मला यंत्र सुधारलं याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पाईप बसवले मीच. त्या बायांतली एक माझी चुलत बहीण होती. ती पुढे दोन वर्षं माझ्या घरी राखी बांधायला आली नाही.

२०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हाचा सीझन आठवतो. कापसात कवडीच कवडी, म्हणजे अळीने खाल्लेला डागी कापूस. रुई पिवळी पडलेली, सरकी हलकी, पोकळ. रेच्यांचा आवाजच बदलला होता, काहीतरी रिकामं दळल्यासारखा. पुढच्या वर्षी जिनाच्या अंगणात पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लागले, कारण सरकीतून पतंग निघून पुन्हा शेतात जातात. सकाळी सापळ्यात अडकलेले पतंग मोजायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याच शेतावरचे असतील त्यातले काही.

सोडून का गेला नाहीत, हाही तुमचाच प्रश्न. गेलो होतो. १९९६ ला, आदिलाबादच्या एका जिनात, दुप्पट पगारावर. अठरा दिवस टिकलो. लोकांना मी सांगतो की तिथले रेचे ओळखू येईनात. खरं कारण, इकडे तूर उभी होती, आई खाटेवर, आणि बायको एकटी रात्री रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला जात होती. परत आलो तर मुनीमजींनी विचारलंसुद्धा नाही, म्हणाले, "चहा घे, नऊ नंबर पाहून घे." निष्ठा वगैरे शब्द निरोपाच्या भाषणात ठीक. जिन बंद असताना शेत पेरता येत होतं आणि शेत पिकलं नाही तरी दसऱ्याला जिन सुरू होत होतं. नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यांत गेलेल्या माझ्या दोन सोबत्यांनी वावर विकलं. त्यांचं चुकलं असं नाही. त्यांची पोरं माझ्या पोरांपेक्षा चांगली शिकली.

आता हिशोब. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम. सीझनच्या कामगाराला ती वर्षाच्या पंधरा दिवसांच्या पगाराची नसते, दर सीझनचा सात दिवसांचा पगार. म्हणजे छत्तीस सीझनचे २५२ दिवस. मालकाच्या पोराने समोर ठेवले ९८. कारण काय, तर शेवटची पाटी लागली तेव्हापासून चौदाच सीझन झाले. आधीची कंपनी वेगळी होती म्हणे. माझा पहिल्या नऊ सीझनचा पीएफ तर कापलाच नव्हता, मस्टरवर नाव असून. पण १९९३ पासूनचा पीएफ नंबर तीनही पाट्यांखाली तोच राहिला होता. तो कागद मी टेबलावर ठेवला. चार महिने फेऱ्या मारल्या आणि वीस सीझनवर तडजोड केली. करायला नको होती असं पोरगा म्हणतो. तो वकिलाची फी धरत नाही. पेन्शनवाले मात्र उदार. त्यांच्या हिशोबात सहा महिन्यांचा सीझनही पूर्ण वर्ष. ते धरून महिन्याला अडीच हजारांच्या आसपास येतात. आता सांगा, माझी वर्षं किती धरायची?

निरोपाचं भाषण तर माझ्या वाट्याला आलंच नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, अंगणात गंज्या तशाच होत्या, मेन स्विच बंद केला आणि घरी आलो. पुन्हा सुरू झालं तोवर मला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. माझं तेलाचं टमरेल तिथेच राहिलं.

औंदा दसऱ्यानंतर मुनीमजींच्या पोराचा फोन आला. मुनीम आता तो आहे. नवा फिटर चांगला आहे, पण एक रेचा रुईत सरकी सोडतो, सापडत नाही, काकाजी येऊन जा. गेलो. मधल्या वाटेने चाललो. डावा कान माझा कधीचाच गेला आहे आणि उजव्याने नुसता एक जाड आवाज येत होता, सगळ्या चोवीस रेच्यांचा मिळून. दोन चकरा झाल्या. नवा पोरगा मागे मागे, मोबाईल हातात, नम्र होता बिचारा.

मी त्याच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. एक नंबरपासून सुरुवात केली. टोक बेरिंगवर टेकवलं, मूठ दातात धरली, डोळे मिटले. दाढेतून थेट डोक्यात आलं, स्वच्छ. पोरगा हसला असावा, मी पाहिलं नाही. एक ठीक. दोन ठीक. अकरा नंबरवर जबडा चुरचुरला.