तुम्ही विचारलंत म्हणून : ‘ट्रेटर्स गेट’मधून ॲन बोलिन खरंच आत गेली का?

लंडनचा टॉवर, म्हणजे थेम्सकाठचा जुना राजकिल्ला आणि तुरुंग, पाहून आलेले आणि पाहायला निघालेले, दोघेही हे विचारतात. त्याच्या ‘ट्रेटर्स गेट’ (राजद्रोह्यांचा दरवाजा) या पाण्यातल्या दरवाजातून ॲन बोलिनला, आठव्या हेन्रीच्या शिरच्छेद झालेल्या राणीला, आत नेलं का? आणि त्याच नावाची कादंबरी, सिनेमा, गेम तिच्यावरच आहेत का? पहिल्याचं उत्तर ‘बहुधा नाही’, दुसऱ्याचं ‘नक्कीच नाही’.

हा दरवाजा बांधला गेला राजासाठी. पहिल्या एडवर्डने १२७५ ते १२७९ दरम्यान थेम्स मागे सारून बाहेरचा तट उभारला आणि त्यात सेंट थॉमस टॉवर बांधला. वर राजाची दालनं, खाली होडी थेट आत घेणारी रुंद कमान. राजद्रोह्यांचं नाव तिला पुढे चिकटलं, ट्यूडर काळात कैदी नदीवाटे येऊ लागले तेव्हा.

२ मे १५३६ रोजी ॲनला ग्रीनिचहून होडीने आणलं, इथपर्यंत खरं. पण ती किल्ल्याच्याच बायवर्ड टॉवर या बुरुजातल्या छोट्या दरवाजाने आत गेली, असं अभ्यासक मानतात.

तिच्या मुलीची, पुढे राणी झालेल्या पहिल्या एलिझाबेथची, हकिकत अधिक समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे नदीचं गणित कळतं. १७ मार्च १५५४ ला तिला टॉवरमध्ये न्यायला माणसं आली. तिने बहिणीला, मेरी राणीला, पत्र लिहायची परवानगी मागितली. मजकूर संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिने तिरप्या रेघा ओढल्या. कुणी मागाहून एखादं वाक्य घुसडू नये म्हणून. तेवढ्यात भरती-ओहोटीची वेळ टळली आणि एक दिवस मिळाला. वेळ चुकली की का थांबावं लागे? एलिझाबेथ होती वेस्टमिन्स्टरला, आणि तिथून टॉवरकडे येताना वाटेत जुना लंडन ब्रिज लागे. त्याचे खांब जाड, गाळे अरुंद. ओहोटीला पुलाच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत मोठा फरक पडे, पाणी गाळ्यांतून कोसळत जाई आणि होड्या उलटत. ग्रीनिच पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणून ॲनच्या वाटेत हा धोका नव्हता. दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ ‘ट्रेटर्स गेट’च्याच पायऱ्यांवर उतरली अशी प्रसिद्ध कथा आहे. ती धक्क्यावर उतरून किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या, खंदकावरच्या पुलावरून आत गेली, असं मानणारे इतिहासकारही आहेत. मला दुसरं मत अधिक पटतं.

आता नावाची भावंडं. एडगर वॉलेसची १९२७ची कादंबरी, तिच्यावरचा १९६४चा सिनेमा (त्याची जर्मन आवृत्तीही निघाली) आणि डेड्रीम सॉफ्टवेअर या स्वीडिश कंपनीचा १९९९चा गेम. तिन्हींत टॉवरमधली राजरत्नं पळवण्याचा बेत आहे. नाव दरवाजाचं, गोष्ट दागिन्यांची! आणखी एक बारकावा : टॉवरच्या दरवाजाच्या नावात (Traitors’) द्रोही अनेक आहेत, वॉलेसच्या कादंबरीच्या नावात (Traitor’s) एकच. आपल्या ‘ट्रेटर्स’ या लिहिण्यात हा फरक बुजतो.

पाहायला जाल तेव्हा मुख्य प्रवेशातून वॉटर लेनने सरळ चाला. दरवाजा उजव्या हाताला, खोलगट भागात आहे. नदीकडची कमान एकोणिसाव्या शतकात विटांनी बंद केली, ती बाहेर धक्क्यावरून दिसते. आत कधीकाळी पाणी उपसणारं यंत्रही होतं, किल्ल्याला पाणी पुरवायला. मग दरवाजाकडे पाठ करून समोर बघा. ब्लडी टॉवरची कमान दिसेल. एडवर्डने नदी मागे सारण्याआधी नदीकडचा दरवाजा तोच होता.