क्रूझचं बिल ओळीओळीने: सांगलीहून सिंगापूर-पेनांग फेरीचा वृत्तांत

मेच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून सिंगापूरला गेलो आणि तिथून क्रूझने पेनांग, फुकेत अशी फेरी ठरवली होती. आम्ही दोघं, भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई. सांगलीहून महालक्ष्मीने सकाळी मुंबई, रात्रीचं विमान, दुसऱ्या दिवशी सिंगापूर. जहाजावरच्या जेवणाचे आणि समुद्राचे फोटो आता सगळ्यांचे बघून झालेत. परत आल्यापासून मला जो तो एकच विचारतो, "वहिनी, जाहिरातीत एक आकडा आणि बिलात भलताच, हे कसं काय?" म्हणून हा वृत्तांत फिरण्याचा कमी आणि बिलाचा जास्त आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब बघते. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, अडत, सेस अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीचा पैसा वेगळ्या माणसाच्या हाती जातो. क्रूझचं बिल मी तसंच वाचलं: ही रक्कम शेवटी कुणाकडे जाते, आणि ते काम झालंच नाही तर ती मला परत मिळते का? या दोन प्रश्नांनी बिल बरंच सुटतं.

आमच्या एजंटने पहिल्यांदा जो कागद दिला त्यावर दोनच ओळी होत्या. क्रूझचं भाडं, आणि खाली "टॅक्स व इतर". या दुसऱ्या ओळीत पोर्ट चार्जेस, जहाजावरच्या नोकरवर्गाची टिप, जीएसटी आणि एजंटचा स्वतःचा सर्व्हिस चार्ज असं सगळं एकत्र होतं. मी त्यांना म्हटलं, "दादा, कंपनीचं मूळ बुकिंग कन्फर्मेशन द्या." सुरुवातीला टाळाटाळ झाली, पण दोन दिवसांत ईमेल आला. माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे: ॲडव्हान्स देण्याआधी कंपनीचा कागद मागा. त्यावर भाडं वेगळं, "टॅक्सेस, फीज अँड पोर्ट एक्स्पेन्सेस" वेगळं आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, घेतली असेल तर ती वेगळी असते, आणि हे सगळं माणशी लिहिलेलं असतं.

त्या कागदाने आमचे पैसे लगेच वाचले. सासूबाईंना पहाटे उठून जपाला बसायचं असतं, म्हणून त्यांनी स्वतंत्र केबिन मागितली होती. एकट्या माणसाला दोघांच्या केबिनचं जवळजवळ दुप्पट भाडं पडतं, ते आम्ही मान्य केलं होतं. पण एजंटच्या आकड्यात पोर्ट चार्जेस आणि टिपही दुप्पट धरली होती. बंदराचा कर माणसावर असतो, पलंगावर नाही. कंपनीच्या कागदावर ते एकाच माणसाचे होते. दाखवल्यावर त्यांनी आकडा दुरुस्त केला.

मुलांचं याच्या उलट. "तिसरा-चौथा प्रवासी फुकट" किंवा "मुलं फुकट" अशी जाहिरात असते, तेव्हा फुकट असतं ते भाडं. पोर्ट चार्जेस आणि टिप सहसा मुलांचीही लागते. जाऊबाईंच्या दोन्ही मुलांचं भाडं शून्य होतं आणि तरी त्यांच्या नावापुढे बऱ्यापैकी रक्कम होती. जाऊबाई आधी चिडल्या, पण ती रक्कम योग्य होती. चार जणांचं बजेट करताना हे धरूनच चला.

आता हे पोर्ट चार्जेस म्हणजे नेमकं काय, ते मला जहाजावरच दिसलं. पेनांगजवळ येताना मी पहाटे डेकवर उभी होते. एक छोटी बोट धावत आमच्या जहाजाला येऊन चिकटली, जहाजाच्या पोटातलं एक दार उघडलं, दोराची शिडी खाली सुटली आणि लाइफ जॅकेट घातलेला एक माणूस चालत्या बोटीवरून ती शिडी पकडून चढला. तो बंदराचा पायलट. तिथली खोली, प्रवाह, वाळूचे उंचवटे ओळखणारा हा माणूस कप्तानाशेजारी उभा राहून जहाज धक्क्याला लावतो. त्याची फी, गरज पडल्यास टग बोटी, दोर बांधणारी माणसं, धक्क्याचं भाडं, टर्मिनल, सुरक्षा तपासणी, पासपोर्टचा काउंटर, हे सगळं त्या एका ओळीत येतं.

यात दोन जाती आहेत. काही आकार अख्ख्या जहाजावर लागतात, जहाजाच्या टनेजप्रमाणे. (हे टन वजनाचे नसतात, जहाजाच्या आतल्या जागेचं ते माप आहे.) काही आकार डोक्यामागे लागतात. जहाजावरचा आकार कंपनी सगळ्या प्रवाशांत वाटते, तसं तिच्या करारात लिहिलेलंच असतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2020 मध्ये केंद्राच्या नौवहन मंत्रालयाने क्रूझ जहाजांसाठी मोठ्या बंदरांचा आकार कमी केला: पहिल्या 12 तासांसाठी टनामागे 0.35 डॉलरऐवजी 0.085 डॉलर, शिवाय माणशी 5 डॉलर. 48,000 टनांचं जहाज धरलं तर जहाजाचे झाले 4,080 डॉलर. प्रवासी 1,600 असतील तर माणशी अडीच डॉलर, त्यात डोक्यामागचे 5 मिळवले की साडेसात डॉलरच्या आसपास. आधीच्या दराने नुसता जहाजाचा वाटाच माणशी साडेदहा डॉलर पडला असता. एका बंदराचं हे गणित एकदा समजलं की बिलातला आकडा बंदरांच्या संख्येप्रमाणे का वाढतो ते कळतं. ज्या फेरीत समुद्रावरचे दिवस जास्त आणि बंदरं कमी, तिथे ही ओळ सहसा लहान असते.

हा पैसा खरोखर बंदराकडे जातो का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत पूर्वी कंपन्या भाडं कमी दाखवायच्या आणि स्वतःचा खर्चही पोर्ट चार्जेसमध्ये घालायच्या. 1997 मध्ये फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने मोठ्या कंपन्यांकडून लिहून घेतलं की सरकारी यंत्रणांना प्रत्यक्ष द्यायची रक्कमच वेगळी दाखवायची, बाकीचं भाड्यात धरायचं. मग 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात कायदा आला की जाहिरातीतल्या किमतीतच सक्तीचे आकार धरलेले हवेत. त्यामुळे कंपन्यांच्या अमेरिकन वेबसाइटवर आता पूर्ण आकडा दिसतो. आपल्याकडच्या पत्रकावर मात्र अजून "पासून पुढे" असा नुसत्या भाड्याचा आकडा सर्रास असतो. मला हे पटत नाही. जो पैसा भरल्याशिवाय जहाजात पाऊलच टाकता येत नाही, तो पहिल्या आकड्यातच असायला हवा.

आणखी एक कलम बारकाईने वाचा. बंदराने किंवा सरकारने कर वाढवला तर पूर्ण पैसे भरल्यानंतरही फरक मागण्याचा हक्क कंपन्या करारात राखून ठेवतात. हे नुसतं कागदावरचं नाही, कर वाढत आहेतच. ग्रीसने 1 जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर कर लावला. सँतोरिनी आणि मिकोनोस इथे जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो, इतर बंदरांवर त्याच काळात 5 युरो, बाकीच्या महिन्यांत त्याहून कमी. मेक्सिकोने त्याच दिवसापासून 5 डॉलर सुरू केले आणि 2028 पर्यंत टप्प्याटप्प्याने 21 डॉलर करायचं ठरवलं आहे. सांगलीत विश्रामबागच्या ज्या मंडळींचं ग्रीसच्या बेटांचं चाललंय, त्यांनी जून ते सप्टेंबरऐवजी एप्रिल किंवा नोव्हेंबर बघावा. करही कमी आणि गर्दीही.

आता आमच्या फुकेतचं. तिथे मोठी जहाजं पातोंगच्या समोर समुद्रातच नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर नेतात. आदल्या रात्रीपासून लाटा उंच होत्या. सकाळी कप्तानाने जाहीर केलं की छोट्या बोटी उतरवणं धोक्याचं आहे, फुकेत रद्द. मुलं हिरमुसली. मी संध्याकाळी ॲपवर आमचं खातं उघडलं, तर प्रत्येकाच्या नावावर 18 डॉलर जमा झाले होते, त्या बंदराचे न लागलेले पोर्ट चार्जेस. मुलांचेही. भाड्यातलं काही परत मिळत नाही, कारण बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क कंपनीचा असतो. पण बंदराला न दिलेला पैसा सहसा जहाजावरच्या खात्यात परत येतो. तुमचं बंदर गळलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काही जमा झालं नाही, तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन विचारा. कंपनीतर्फे घेतलेली फुकेतची सहलही आपोआप परत झाली. ज्यांनी बाहेरून सहल घेतली होती त्यांना मात्र आपापल्या सहलवाल्याशी बोलावं लागलं.

परताव्याचीच दुसरी गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या नणंदबाई येणार होत्या, पण ऐन वेळी घरात दवाखाना निघाला. भाडं बुडालं, कारण मुदत टळली होती. एजंट म्हणाले, "काही मिळणार नाही." पण बहुतेक मोठ्या कंपन्या प्रवास न झाल्यास कर आणि पोर्ट चार्जेस परत करतात, मग भाडं नॉन-रिफंडेबल का असेना. आम्ही कंपनीला बुकिंग नंबर देऊन ईमेल केला आणि ती रक्कम एजंटच्या खात्यातून नणंदबाईंना मिळाली. न मागता ती मिळाली असती असं मला वाटत नाही.

ग्रॅच्युइटी हा कर नाही. माणशी दर रात्री साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप खात्याला लागतात, आणि बऱ्याच कंपन्यांत काउंटरवर सांगून कमीही करता येतात. आमच्या ग्रुपमध्ये काहींनी तसं सुचवलं. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. आमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा होता. सासूबाईंनी उपास आहे म्हटल्यावर रोज सकाळी फळं आणून ठेवायचा, आणि घर सोडून त्याला कित्येक महिने झाले होते. ती टिप केबिन आणि जेवणघरातल्या अशाच माणसांत वाटली जाते. मात्र बारमध्ये किंवा स्पामध्ये बिलातच 18 टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, आणि सहीच्या कागदावर टिपसाठी आणखी एक रिकामी ओळ असते. तिथे दुसऱ्यांदा भरायची गरज नाही.

जहाजावरचं खातं डॉलरमध्ये असतं. त्याला डेबिट कार्ड जोडू नका, रोज थोडी थोडी रक्कम अडकून राहते आणि सुटायला दिवस लागतात. कार्ड मशीनने रुपयांत घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, डॉलरच निवडा. शेवटच्या रात्री पूर्ण हिशोब ॲपवर येतो. तो झोपण्याआधी वाचा, कारण सकाळी उतरताना काउंटरवर मोठी रांग असते. आमच्या खात्यात भाऊजींच्या केबिनचं एक कोल्ड्रिंक पॅकेज चढलं होतं, ते रात्रीच निघालं.

राहिले आपले भारतीय कर. एजंटच्या टूर पॅकेजवर 5 टक्के जीएसटी लागतो, तो परत मिळत नाही. टीसीएस, म्हणजे एजंट तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारात भरतो तो आयकर, मात्र तुमचाच पैसा आहे. परदेशी टूर पॅकेजवर 2025-26 मध्ये वर्षाला 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के असा तो कापला जात होता. दर बजेटमध्ये बदलतात, तुमच्या वर्षाचा बघून घ्या. विमानाचं तिकीट, राहणं असे किमान दोन भाग एकत्र घेतले तरच ते पॅकेज धरलं जातं, असं आयकर खात्याच्या 2023 च्या परिपत्रकात आहे. ग्रुपने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशी ठरवावी: प्रत्येक कुटुंबाचं बिल वेगळं आणि ज्याचे पैसे त्याचाच पॅन. सगळ्यांचं एकाच पॅनवर कापलं तर क्रेडिट त्या एकालाच मिळतं, आणि मग घरातल्या घरात हिशोब मागत बसावं लागतं. पगारदारांना त्यासाठीचा फॉर्म (जुन्या कायद्यात 12बीएए) कार्यालयात देऊन पगारातल्या टीडीएसमध्येच ते वळतं करून घेता येतं. सासूबाईंसारखं ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी त्या पैशासाठी रिटर्न भरावं. एप्रिल ते जूनमध्ये कापलेल्या टीसीएसचं विवरण एजंटला जुलैत भरायचं असतं. त्यानंतर आयकर पोर्टलवर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण (जुन्या कायद्यात 26एएस) उघडून आपली रक्कम आली का ते बघा, आणि नसेल आली तर एजंटकडे टीसीएसचं सर्टिफिकेट (जुन्या कायद्यात 27डी) मागा.