बाई, यंदा मत कुणाला?

परवा दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळलेला असताना शेजारच्या बाकावरून एक माजी हवालदार वाकून म्हणाले, "बाई, यंदा अध्यक्ष कुणाला करायचा? तुम्ही सांगाल तिकडं टाकतो." रक्तदाब अर्थातच चढलेला आला. गेला महिनाभर वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानातून परतताना हाच प्रश्न ऐकतेय. तेव्हा एकदाच लिहून मोकळी होते.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची संस्था सातारा जिल्ह्यातल्या सैनिकी आठवणी जपते. गावोगावचे महायुद्धाचे फलक, घराघरांतली पदकं, पत्रं, पेन्शनची पुस्तकं. सभासद दीडशेच्या आत, बहुतेक माजी सैनिक, थोडे माझ्यासारखे निवृत्त मास्तर. अकरा वर्षं मी चिटणीस आहे, या निवडणुकीनंतर नसेन. अध्यक्षपदाला चौघे उभे आहेत. "तुम्हीच का नाही?" असंही विचारतात. अकरा वर्षांत मी जवळजवळ प्रत्येकाशी भांडले आहे, हे एक कारण पुरे.

कोण हवा ते सांगण्याआधी काम काय आहे ते सांगायला हवं, कारण निम्म्या सभासदांना ते भाषण करण्याचं वाटतं.

आपल्याकडे जुन्या चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी मेली. संपलं. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. मी पहिली नोकरी केली त्या गावच्या पाटीवर मेलेल्यांचा आकडा तीन होता. चावडी पाडून नवी इमारत झाली तेव्हा पाटी राडारोड्यात गेली. फार वर्षांनी ती मला एका परड्यात सापडली, धुण्याचा दगड म्हणून. अक्षरं खाली, पाठ वर. घरच्या वहिनींनी ती द्यायला साफ नकार दिला. "इतका गुळगुळीत दगड दुसरा आणून द्या, मग न्या." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कडप्प्याची फरशी टेम्पोतून नेऊन दिली आणि पाटी आणली.

आता ते तीन कोण, हे शोधायचं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांच्या नोंदी आहेत. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, पण लिहिणारा साहेब असल्यामुळे पवारांचं 'पोवार' आणि जाधवांचं 'जाधाव' होतं. गावाच्या नावाचं तर असं काही केलेलं असतं की ते आपलंच गाव आहे हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मोठ्यांदा, इंग्रज म्हणेल तसं म्हणून पाहिलं तेव्हा उजेड पडला. नातू म्हणाला, आजी वेडी झाली.

पहिला असा सापडला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात गेलेला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कूत वेढलेलं होतं. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि ते मांस खायला आपली माणसं बरेच दिवस तयार नव्हती. बसऱ्याच्या स्मारकावर त्याचं नाव असेल असं मला वाटलं होतं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. म्हणजे गावच्या दगडावर आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडा. आयोगाने २०२१ साली हा दुजाभाव अहवाल काढून मान्य केला, माफी मागितली. दुसरा असाच सापडला. तिसरा अजून नाही.

आमचं काम हे एवढंच आहे. आता उमेदवार.

कर्नलसाहेब. माणूस सोन्यासारखा, शिस्तीचा, पैशाला चोख. बहुतेकांची मतं त्यांनाच जातील आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. पण आधीचे अध्यक्ष आजारी होते त्या वर्षी सर्वसाधारण सभा साहेबांनी चालवली, तिचं इतिवृत्त मी लिहिलं आहे. साहेब आत आले, सगळे उभे राहिले. साहेबांनी विषय वाचले. "कुणाला काही शंका?" "नाही, साहेब!" सव्वीस मिनिटांत वंदे मातरम्. आणि मग हीच माणसं बाहेर चहाच्या टपरीवर दोन तास बोलत होती. टपरीवरच मला कळलं की एकाच्या आज्याची दोन पदकं होती. त्यांतलं चांदीचं मोडून आजीने नातीच्या बारशाला वाळे केले, ब्राँझचं सोनाराने घेतलंच नाही म्हणून राहिलं. त्या ब्राँझच्या पदकाच्या कडेवर नंबर, नाव, पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. अशा एका कडेसाठी आम्ही महिने घालवतो, आणि ती कड सभेत कुणी काढली नाही, कारण साहेबांसमोर आजीचे वाळे कसे काढायचे?

त्याच टपरीवर एक निवृत्त नाईक म्हणाले, "आमच्या चुलत्यांच्यात देवीची एक ताटली आहे, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आहेत." गेले पाहायला. देवघरात टाकापलीकडे भिंतीला टेकून ब्राँझची चकती उभी, चार-पाच इंच व्यासाची. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह. घरच्यांनी तिला सिंहवाहिनी मानलं, यात नवल ते काय? शंभर वर्षं नवरात्रात तिला हळदकुंकू वाहिलं जातंय. ती ब्रिटानिया, आपली भारतमाता तशी ब्रिटनची. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने ही चकती पाठवली होती. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. सातारच्या माणसाने कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते मी त्या देवघरात उभी राहून काही बोलले नाही. बाजूच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव होतं, कुंकवाने भरलेलं. ओल्या फडक्याने पुसल्यावर वाचता आलं. नुसतं नाव. या चकत्यांवर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, शिपाई असो की जनरल. कर्नलसाहेबांना मी हे सांगितलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "व्हेरी गुड, बाई." मुद्दा पोचला की नाही, देव जाणे.

दुसरे उमेदवार शस्त्रसंग्राहक. धोप, फिरंग, पट्टा, कट्यार, सगळं घरी आहे आणि त्यातलं त्यांना कळतंही. पण ते प्रचारात म्हणतात की वारसा म्हणजे शिवकाळ, पेशवाई. इंग्रजांच्या पलटणीत पोटासाठी गेलेल्यांचा कसला वारसा? टाळ्या पडतात. मला या वाक्याचा राग येतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. पोटासाठीच गेले. माण-खटावात एक पाऊस हुकला की काय होतं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांच्या पणज्यांना ठाऊक होतं. पण मग वारसा कापायचा कुठून? १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशात जमालपूरला लढली ती मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण १७६८ साली कंपनी सरकारनेच उभी केलेली. जमालपूर आपलं आणि कूत परक्याचं, असा हिशेब मला जमत नाही. तलवारीला म्यान असतं, दर्शनी कपाट असतं, फोटो छान येतो. धुण्याच्या दगडाचा फोटो येत नाही, एवढाच फरक.

तिसरे दानशूर आहेत. पुतळा उभारू म्हणतात, देणगी स्वतः देणार. माणगावला तहसील कचेरीपाशी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, तसा. कल्पना वाईट नाही. फक्त कुणाचा, हे विचारल्यावर ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवा."

चौथे पलटणीत क्लार्क होते. बाकीचे त्यांना मागून 'बाबू' म्हणतात, कधी पुढूनही. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला, हा विनोद मी शंभरदा ऐकलाय. माझं त्यांचं पटत नाही, हेही सांगून टाकते. रिक्षाच्या चाळीस रुपयांची पावती त्यांनी माझ्याकडे तीनदा मागितली आहे आणि माझ्या इतिवृत्तातले ऱ्हस्व-दीर्घ काढले आहेत. मराठीच्या मास्तरणीचे!

पण मागच्या निवडणुकीनंतर काय झालं, आठवा. नवं कार्यकारी मंडळ आलं, हार-तुरे झाले आणि बदल अर्ज, आपण सगळे चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय कार्यालयात द्यायचा आमच्याकडून राहून गेला. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यावा लागतो. चूक सर्वस्वी आमची, त्यात माझीही. बँकेने नव्या सह्या घेतल्या नाहीत, जुन्या सह्यांतले एक गृहस्थ मुलाकडे परदेशी गेलेले, आणि त्या पाटीसाठी चौथरा बांधायला जमवलेली वर्गणी खात्यात पडून राहिली. पाटी माझ्या जिन्याखाली गोणपाटात. ते प्रकरण कुणी निस्तरलं? बाबूंनी. शपथपत्रं, विलंबमाफीचा अर्ज, ठरावाच्या प्रती, आणि प्रत्येक कागदावर जावक क्रमांक. सव्वा वर्ष लागलं. भाषण एकदाही केलं नाही.

आणि अजून एक. गेल्या मे महिन्यात ते माझ्याकडे चहाला आले, म्हणजे पावती मागायला आले. जिन्याखालची पाटी पाहिली. तिसरा सापडला का, विचारलं. नाही म्हटलं. सगळ्या घरी विचारून झालं, असंही सांगितलं. तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "सगळ्या म्हणजे कुठल्या? बौद्धवाड्यात कोण गेलं होतं?"

कुणीच गेलं नव्हतं. १११ महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत मोडली, हे मी स्वतः व्याख्यानांत सांगत आलेय. पाटीवरच्या आकड्यात आळी लिहिलेली नसते, हेही. आणि आम्ही इतकी वर्षं वरच्या आळीतच दारं वाजवत होतो. मी चहा परत गरम करायच्या निमित्ताने आत गेले.

तर माझं मत बाबूंना. तुम्ही तुमचं तुमच्या मनाने टाका. निवडून आले नाहीत तरी पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या गावी जाणार आहोत, एसटीने. रिक्षा करायची नाही, असं त्यांनी आधीच बजावलं आहे.

मतदान या रविवारी, सकाळी १० ते २, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. ओळखपत्र आणा. वर्गणी थकलेल्यांना मत देता येणार नाही, आणि थकलेल्यांची यादी बाबूंनी केली आहे, त्यामुळे ती बरोबरच असणार. तिच्यात कर्नलसाहेबही आहेत. मीही होते. काल भरली.