बंदूक चोरीला गेल्यावर गुन्हा नोंदवून घेण्याचा माझा अनुभव

परवान्याची बंदूक चोरीला गेली, तर ठाण्यातून हरवल्याचा दाखला घेऊन परतू नका, एफआयआरच नोंदवून घ्या. माझा सगळा मनस्ताप या एका कागदापायी झाला, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि रानडुकरांच्या उपद्रवामुळे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मी बारा बोअरची दुनळी बाळगत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही लग्नाला बाहेरगावी गेलो असताना चोरट्यांनी नागपूरच्या घराचे मागचे दार फोडले, भिंतीला पक्के बसवलेले लोखंडी कपाट पहारीने उचकटले आणि दागिन्यांबरोबर बंदूकही नेली.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आले होते आणि ठाण्यातील बहुतेक मंडळी बंदोबस्ताच्या तयारीत होती, हे मला मान्य आहे. मात्र ठाणे अंमलदारांनी काढलेला तोडगा अजब होता. "काका, दागिन्यांचं लिहून घेतो ना जी. बंदुकीचा वेगळा अर्ज देऊन द्या, गावाकडं राहिली असन." म्हणजे एकाच कपाटातून, एकाच रात्री, दागिने चोरीला गेले आणि बंदूक मात्र आपोआप हरवली! शस्त्रचोरी कागदावर आली की वरून विचारणा सुरू होते, एवढेच त्यामागचे कारण असावे.

मी हट्ट सोडला नाही, कारण उद्या त्या बंदुकीने काही घडले असते, तर तिच्या क्रमांकावरून पोलीस प्रथम माझ्याच दारी आले असते. शिवाय हरवल्याची नोंद म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरण्याची भीती असते, आणि परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. मी लेखी तक्रार दिली, तेव्हा तिच्यावर आवक शिक्का मारायला टाळाटाळ झाली. नंतर परवान्यावरील हस्तलिखित क्रमांकातला एक आकडा १ आहे की ७, यावर घोडे अडले. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांच्या वेळी बंदूक जमा केल्याच्या पोलिसांच्याच पावत्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या टेबलावर ठेवल्यावर तो प्रश्न मिटला. (त्या पावत्या कधीही फेकू नयेत, नळीवरील आणि यंत्रणेवरील क्रमांकांची छायाचित्रेही काढून ठेवावीत.) तरीही "साहेब आल्यावर या" हे पालुपद संपेना, तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करून तीच तक्रार मी पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवली. दखलपात्र गुन्ह्याची नोंद ठाण्याने नाकारली, तर वरिष्ठांकडे असे लेखी जाता येते आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. त्यानंतर मात्र मला फोन करून बोलावण्यात आले आणि बंदुकीसह गुन्हा नोंदवला गेला.

पंचनामा आणि जबाब सुरळीत पार पडले. परवाना शाखेत एफआयआरची प्रत देऊन पोच घेतली. शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात होते, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात.

एक गोष्ट थोड्या अभिमानाने नमूद करतो. दुनळीचा नळीखालचा लाकडी भाग सुटा होतो. तो आणि काडतुसे मी नेहमी दुसऱ्या खोलीतील कुलपात ठेवत असे, त्यामुळे चोरट्यांच्या हाती अपुरी बंदूक लागली आणि काडतूस एकही लागले नाही. घरात बंदूक आहे, हे गड्यांना, भाडेकरूंना किंवा पानठेल्यावर सांगण्याचे कारण नसते, आणि लग्नसमारंभात तिचे फोटो काढून मिरवण्याचे तर मुळीच नसते. घर बरेच दिवस बंद राहणार असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडे ती रीतसर जमा ठेवता येते का, याची चौकशी करावी.

बंदूक अद्याप सापडलेली नाही. सापडली तरी ती मुद्देमाल म्हणून जमा राहील आणि न्यायालयाचा आदेश व चालू परवाना दोन्ही असल्याशिवाय परत मिळणार नाही, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मी मुदतीच्या बराच आधी देणार आहे.