डॉलर नव्वदवर, कापूस मात्र तिथंच

2025 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला डॉलर 90 रुपयांवर गेल्याची बातमी टीव्हीवर चालू होती आणि बाबा मधल्या खोलीत कापसाच्या ढिगाजवळ बसून होते. तिथूनच म्हणाले, "डॉलर महागला म्हंजे कापूस महागाले पाहिजे ना? मंग खेडा खरेदीवाला कालचाच भाव काहून सांगून राह्यला?" प्रश्न बरोबर होता, मी वही घेऊन बसलो.

जगात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर ठरतो, सेंट प्रति पाउंड. साधारण 65 सेंट धरा. आपली खंडी 356 किलोची, म्हणजे जवळपास 785 पाउंड, तर एक खंडी झाली 510 डॉलरची. वर्षभरापूर्वी डॉलर 85 च्या आसपास होता तेव्हा याचे 43,350 रुपये होत होते, 90 ला 45,900 होतात. न्यूयॉर्कचा भाव एक पैसाही न हलता खंडीमागे अडीच हजार वाढले. एका खंडीला आपला सरकीसकट कापूस लागतो साडेदहा क्विंटलच्या आसपास, म्हणजे क्विंटलमागे 240 रुपये जास्त मिळायला पाहिजे होते. बाबांचा हिशोब चुकला नव्हताच.

पण मधात आयात ड्यूटी आहे. 2021 च्या बजेटपासून बाहेरच्या कापसावर 11 टक्के ड्यूटी होती, ती 19 ऑगस्ट 2025 पासून काढली, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आपला कापूस घरात यायच्या ऐन दिवसांत. ड्यूटी गेली की बाहेरची रुई तेवढी स्वस्त होते आणि आपल्या कापसाचा भावही दबतो. 45,900 चे 11 टक्के काढा, पाच हजाराच्या वर जातात, क्विंटलला 480. रुपयानं 240 दिले आणि ड्यूटीनं त्याच्या दुप्पट काढून नेले. सूतगिरण्यांनाही स्वस्त रुई लागते, अमेरिकेनं आपल्या कपड्यावर 50 टक्के टॅरिफ लावला तेव्हा त्यांचेही हाल झाले, हे मान्य आहे मला. पण त्याची किंमत यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं एकट्यानं का द्यायची?

सोयाबीनचं आणखीच वेगळं. तिथं आपल्या रुपयापेक्षा ब्राझीलचं रियाल जास्त बोलते. डिसेंबर 2024 मध्ये एका डॉलरला सहा रियालच्या वर लागत होते, तिथल्या शेतकऱ्याला डॉलरमधला भाव कमी असला तरी घरच्या पैशात परवडते, तो विकत सुटतो आणि जगाचा भाव दबतो. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, म्हणून रुपया पडला की तेल महागते आणि लोकांना वाटते सोयाबीन वाढणार. पण क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल निघते 18 किलोच्या आसपास, बाकी बहुतेक डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणि ती जगाच्या भावात विकली गेली नाही तर प्लांटवाला दाण्याला भाव कुठून देईल? त्यात आता मक्याचं इथेनॉल काढून उरलेला चोथा, डीडीजीएस, कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात येऊन बसला. हमीभाव 4,892 असताना आम्ही चार हजाराच्या आसपास विकली आहे सोयाबीन, त्या दिवशी बाबा बाजारातून घरी येऊन जेवले नव्हते.

वरुडकडच्या संत्र्याचंही तसंच, आमच्या मामाजींची बाग आहे तिकडं. 2022 मध्ये बांगलादेशचं चलन टाका डॉलरला 86 वरून शंभराच्या पार घसरला, त्यात त्यांची आयात ड्यूटी वाढत गेली, म्हणजे ढाक्याच्या गिऱ्हाईकाला संत्रा महाग आणि इथं झाडावरचा माल मातीमोल.

खर्चाच्या बाजूला मात्र डॉलर लगेच पोहोचते. युरियाची बॅग 266.50 ला आणि डीएपी 1350 ला सबसिडीनं धरून ठेवली आहे म्हणून बरं, पण पोटॅश जवळपास सगळं बाहेरूनच येते, 10:26:26 हे मिश्र खत घ्यायला गेलं की कळते. कृषी केंद्रवाला ड्यूटी निघायची वाट पाहत नाही.

रुपया कुठं जाईल हे कोणाच्याच हातात पूर्ण नाही. ड्यूटी मात्र सरकारच्या हातात आहे. हमीभाव मे-जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर सांगता, तर ड्यूटीचंही तेव्हाच सांगा. जूनमध्ये आम्ही 11 टक्के ड्यूटी धरून कापूस किती एकर आणि तूर किती हे ठरवलं, बियाणं घेतलं, आणि कापसाच्या पऱ्हाटीला पात्या-फुलं लागल्यावर नियम बदलला, आता ती उपटून दुसरं काय लावणार?

मधल्या खोलीत अजून चौदा क्विंटल पडून आहे. बाबांनी वहीतला हिशोब दोनदा वाचला, ढिगातून एक बोंड उचलून धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, "जानेवारी लागू दे, मंग पाहू." मी दाराला कडी लावली, उंदरं फार झालेत या वर्षी.