तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवायला मागे कोण राहणार?

"भूलशास्त्राच्या रेसिडेंट्सना, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना, शिकवण्यात, संशोधनात रसच उरलेला नाही, असं का?" विभागप्रमुख विचारतात, परिषदेत शेजारी बसलेले समवयस्क विचारतात, आणि आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं उत्तर असं, की रस असतो. पहिल्या वर्षी तर भरपूर असतो. पुढे तो टिकत नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी आपण शिक्षक जबाबदार आहोत.

पहिल्या वर्षाचा रेसिडेंट बघा. भूल देण्याआधी रुग्णाच्या चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क धरून उभा असतो आणि विचारतो, "मॅडम, तीनच मिनिटं का?" प्रश्न साधा, पण उत्तर मोठं आहे. तीन मिनिटं शांतपणे शुद्ध ऑक्सिजन घेतला, की श्वास सोडल्यावरही फुप्फुसात उरणाऱ्या हवेतला नायट्रोजन धुऊन निघतो आणि तिथे ऑक्सिजनचा साठा होतो. मग औषधानं श्वास थांबला तरी निरोगी प्रौढाच्या बाबतीत आपल्या हाताशी सात-आठ मिनिटं असतात. साध्या हवेवर असता तर मिनिट-दोन मिनिटांतच ऑक्सिजन घसरायला लागला असता. लठ्ठ माणूस, गरोदर बाई, लहान मूल यांच्यात ही मुदत कितीतरी कमी. एवढं सांगून होतं न होतं तोच पुढचा प्रश्न येतो, "आणि घाईची केस असेल तर?" तर मिनिटभरात आठ खोल श्वास, त्याचाही अभ्यास झालेला आहे. "मग डोक्याकडची बाजू उचलली तर आणखी वेळ मिळेल का?" ज्याला एका मास्कवरून ओळीनं तीन प्रश्न पडतात, त्याला संशोधनात रस नाही असं म्हणायचं तरी कसं?

पण तेवढ्यात सर्जन हात धुऊन आलेले असतात, पुढचा रुग्ण बाहेर येऊन थांबलेला असतो, आणि बहुतेक वेळा मुलाला "वाचून ये" एवढंच ऐकायला मिळतं. लिस्ट, म्हणजे त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांची यादी, संध्याकाळपर्यंत चालते, रात्री ड्युटी असते, वाचायचं राहून जातं. तिसऱ्या वर्षाला तोच मुलगा मास्क अगदी सफाईनं धरतो. प्रश्न मात्र विचारत नाही.

शिकवण्याचंही तसंच. आमच्या विषयात शिकवणं बरंचसं वर्गाबाहेर, टेबलाच्या डोक्याशी होतं. लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालताना स्वरयंत्र दिसावं म्हणून वापरायचं उपकरण, दुसऱ्याच्या हातात देऊन आपण शेजारी उभं राहायचं. पल्स ऑक्सिमीटरकडे कान ठेवायचे. ऑक्सिजन उतरू लागला की त्याचा सूर खाली जातो, स्क्रीनकडे बघावंही लागत नाही. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव. आपले हात शिवशिवत असतात. तरी आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "मनगट वळवू नकोस, दातांवर टेकवू नकोस, हँडलच्या दिशेनं पुढे उचल." आणि ठरवलेली वेळ आली की थांबवायचं, मास्कनं पुन्हा ऑक्सिजन द्यायचा, आणि रुग्णाला धोका नसेल तर त्याच मुलाला दुसरी संधी द्यायची. कुठवर थांबायचं आणि कधी हातात घ्यायचं हे कळणं ही वेगळी विद्या आहे. ती कुठल्या परीक्षेत विचारली जात नाही, आणि रेसिडेंटला ती दिसतही नाही, कारण त्याची नजर स्वरयंत्रावर असते.

म्हणून मी तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला पहिल्या वर्षाच्या मुलाशेजारी उभं करते आणि स्वतः त्यांच्यामागे थांबते. ट्यूब गेली, कॅप्नोग्राफवर, म्हणजे सोडलेला श्वास मोजणाऱ्या यंत्रावर, कार्बन डायऑक्साइडच्या लाटा उमटू लागल्या, की त्या पहिल्या वर्षाच्या मुलाइतकाच आनंद त्याला शिकवणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या चेहऱ्यावर असतो. "मी इथेच राहिले तर?" हा प्रश्न मी अशा केसनंतर चहाच्या वेळी ऐकलेला आहे. करिअरवरच्या भाषणानंतर कधी ऐकल्याचं आठवत नाही.

पैशाचं कारण खरं आहे. बाहेर, खासगी रुग्णालयांत, केसमागे मोबदला मिळतो. इथे शोधनिबंधाचं काम रात्री, घरच्या वेळातून करावं लागतं, आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल तर हिशेब आणखी कठीण होतो. बाहेर जाणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. बहुतेक रुग्णांना सुरक्षित भूल तेच देतात. मला हळहळ वाटते ती ज्यांना थांबायचं होतं पण ज्यांना कुणी "थांबतोस का?" असं विचारलंच नाही, त्यांची.

आमचा विषय उभा राहिला तोच असा, माणसामागे माणूस. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ राल्फ वॉटर्स १९२७ मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आले आणि त्यांनी भूलशास्त्राचं पद्धतशीर निवासी प्रशिक्षण सुरू केलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉक्टर ठिकठिकाणी विभागप्रमुख झाले. एमरी रोवेनस्टाइन त्यांतलेच, ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात गेले. व्हर्जिनिया अॅपगार या दोघांकडेही शिकल्या आणि १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झाल्या. तिथे तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नवजात बाळाची प्रकृती पटकन कशी जोखायची, असं एका विद्यार्थ्यानं नाश्त्याच्या वेळी विचारलं आणि त्यांनी हाताला लागलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असं सांगतात. १९५३ मध्ये छापून आलेला अॅपगार स्कोअर तो हाच. विचारणारा विद्यार्थी होता, आणि उत्तर द्यायला त्या तिथे होत्या. माझ्या दृष्टीनं शिकवणाऱ्या नोकरीचं सगळं समर्थन यात येतं.

तेव्हा काय करता येईल, असं पुढे विचाराल, तर मोठ्या योजना नंतर करा. लिस्ट लावतानाच एखाद्या रेसिडेंटची महिन्यातली एक दुपार मोकळी ठेवा आणि ती इमर्जन्सीसाठी परत मागू नका. त्याचा संशोधनाचा प्रश्न त्याच्याच नावावर राहू द्या. आपल्या अर्धवट पडलेल्या प्रकल्पाचा डेटा भरायला त्याला बसवू नका. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाला एकेकट्यानं बोलावून विचारा, इथे राहायला आवडेल का, आणि नसेल तर कशामुळे. पगार आपल्या हातात नसतो, पण ड्युटीचा तक्ता बहुतेक वेळा असतो.