बरणीतली दोन पानं: घरचा विद्युतदर्शी

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. पण त्यातून फारच थोडं कळतं. घासल्याने येणारा विद्युत प्रभार धन असो वा ऋण, कपटे दोन्हींकडे ओढले जातात. प्रभार कोणता, हे ओळखायला विद्युतदर्शी लागतो. इंग्लंडमधल्या अब्राहम बेनेट या धर्मगुरूने १७८७ च्या सुमारास तो सोन्याच्या वर्खाचा केला. घरी अॅल्युमिनियम फॉइल चालते.

प्लास्टिकच्या झाकणाची अर्धा लिटरची काचेची बरणी घ्या. घरच्या वायरिंगमधली एकपदरी तांब्याची तार २० सेंमी कापून तिचं आवरण पूर्ण सोलून काढा. मोटारीच्या वाइंडिंगची तार घेतलीत तर आधी पॉलिश पेपरने घासा, तिच्यावर वार्निशचा थर असतो. झाकणाला १ सेंमीचं भोक पाडून तार त्याच्या मधोमध उभी धरा आणि भोवती मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओता. मेण उत्तम विद्युतरोधक आहे. वरच्या टोकाची चपटी गुंडाळी करा, कारण टोकदार तारेवरून प्रभार हवेत निसटतो. खालचं टोक काटकोनात वाकवा. फॉइलच्या ४ सेंमी लांब, ८ मिमी रुंद अशा दोन पट्ट्या नखाने सपाट करा आणि टाचणीने भोकं पाडून समोरासमोर अडकवा. हीच विद्युतदर्शीची पानं. ती सहज झुलली पाहिजेत. प्रयोग फसण्याचं निम्मं कारण इथेच असतं. मिठाईचा वर्ख वापरला तर संवेदनशीलता खूप वाढते, पण तो श्वासानेही फाटतो.

आता इलेक्ट्रिक फिटिंगच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा लोकरी कापडाने जोरात घासा. त्यावर ऋणप्रभार येतो. गुंडाळीजवळ नेताच तारेतले इलेक्ट्रॉन खाली ढकलले जातात, दोन्ही पानांवर सारखाच प्रभार येतो आणि ती एकमेकांना ढकलून फाकतात. पाइप दूर नेला की मिटतात. पाइप गुंडाळीवरून ओढत नेला, तर काही ऋणप्रभार तारेवर उतरतो आणि पानं फाकलेलीच राहतात.

धनप्रभार द्यायचा तर क्रम काटेकोर पाळा: पाइप जवळ धरा, दुसऱ्या हाताच्या बोटाने गुंडाळीला स्पर्श करा, आधी बोट काढा, मगच पाइप. बोट असताना पाइप हलवला तर बोटावाटे पळालेले इलेक्ट्रॉन परत येतात आणि हाती काहीच लागत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, काही सेकंदांतच पानं मिटतात. हवा वीज वाहून नेते म्हणून नव्हे. काच, मेण, पाइप यांच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून वाहून जातो. घामट बोटांचे डागही तेच करतात. सगळं हेअर ड्रायरने कोरडं करा, बरणीत सिलिका जेलची पुडी टाका. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यांत चांगले.

एक चूक मात्र शाळेतही सर्रास होते. प्रभारित विद्युतदर्शीजवळ वस्तू आणल्यावर पानं मिटू लागली, म्हणून वस्तूवर विरुद्ध प्रभार आहे असं ठरवतात. पण नुसता तळहात जवळ नेला तरी पानं थोडी मिटतात, आणि त्यावर प्रभार नसतो. पानं आणखी फाकली, तरच समान प्रभार पक्का. म्हणून प्रत्येक वस्तू धन आणि ऋण अशा दोन्ही प्रभारांच्या विद्युतदर्शीजवळ, सावकाश नेऊन पाहा.